मदत हवी आहे: एलपी दिलं की रिक्वेस्ट नंबर येतो, कागद येत नाही

हळदपट्टी:
सकाळपासून अडकलोय, लवकर सांगा. टर्मिनलवरून पट्ट्यांच्या पीडीएफ प्रिंटरला पाठवतो. कालपर्यंत नीट चालू होतं. आज 'एलपी -डी हळद' (हळद हे प्रिंटरला दिलेलं नाव) दिलं की 'रिक्वेस्ट आयडी इज हळद-१४२' येतं आणि पुढं काहीच नाही. प्रिंटर चालू, कागद भरलेला, हिरवा दिवा. रीस्टार्ट करून झालं. मोंढ्यात शेतकरी पट्टीसाठी थांबलेत. (मोबाईलवर मराठी कळफलक आहे, कमांड उच्चाराप्रमाणं लिहितोय.)

पेपरजॅम:
कोणता प्रिंटर? यूएसबी की नेटवर्क? लिनक्स कोणतं? रीस्टार्ट कशाला केलं, प्रिंटरला की कॉम्प्युटरला? एवढं तरी लिहा, राव.

डॉसवाला:
एवढा खटाटोप कामून? विंडोज टाका, प्रिंटर शेअर करा, 'नेट यूज एलपीटी१: \\संगणक\हळद /पर्सिस्टंट:येस' एकदाच द्या. मग 'कॉपी /बी पट्टी.पीआरएन एलपीटी१:'. डॉट मॅट्रिक्सवर कार्बन लावून तीन प्रती एका दमात निघतात. पट्टीला लेझर लागतोच कशाला?

कळफलक:
@डॉसवाला, तो पीडीएफ म्हणतोय. कॉपी /बी फाइल आहे तशी ढकलतं. प्रिंटरला पीडीएफ समजत नसेल तर पहिल्या ओळीत '%पीडीएफ-१.४' आणि मग पानामागून पान कचरा. पीआरएन फाइल प्रिंटरच्या ड्रायव्हरमधून काढावी लागते, ते कोण करणार? आणि प्रश्न लिनक्सचा आहे.

हळदपट्टी:
यूएसबी. मिंट. दोन्ही रीस्टार्ट केले. विंडोज नको.

पेपरजॅम:
मॉडेल राहिलंच. असो. हे दोन द्या आणि जे येईल ते जसंच्या तसं टाका:
एलपीस्टॅट -पी हळद
एलपीस्टॅट -ए हळद

हळदपट्टी:
पहिल्यात 'प्रिंटर हळद डिसेबल्ड सिन्स' आणि काल रात्रीची वेळ. दुसऱ्यात 'हळद ॲक्सेप्टिंग रिक्वेस्ट्स'. म्हणजे चालू का बंद? काल पट्ट्या निघत असताना लाईट गेली होती, ते सांगायचं राहिलं.

पेपरजॅम:
हेच तर मुख्य होतं! कप्समध्ये (लिनक्सवर छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) दोन दारं आहेत. 'ॲक्सेप्टिंग' म्हणजे रांगेत माल घ्यायचं दार, 'एनेबल्ड' म्हणजे रांगेतून प्रिंटरकडं सोडायचं. तुमचं पहिलं उघडं, दुसरं बंद. म्हणून नंबर मिळतो आणि कागद येत नाही. छपाई चालू असताना यूएसबी तुटली, काम फसलं आणि कप्सनं रांग थांबवली. ही अवस्था /ईटीसी/कप्स/प्रिंटर्स.कॉन्फ मध्ये लिहून ठेवलेली असते, त्यामुळं कितीदाही रीस्टार्ट करा, रांग थांबलेलीच.

थांबा, लगेच चालू करू नका. सकाळपासून तीच पट्टी चार-पाचदा पाठवली असणार, सगळ्या एकदम निघतील. आधी 'एलपीस्टॅट -ओ हळद' नं रांग बघा, 'कॅन्सल -ए हळद' नं रिकामी करा, मग 'सुडो कप्सएनेबल हळद'. नंतर एकच पट्टी पाठवून बघा.

हळदपट्टी:
रांगेत ६३ होत्या! काढल्या. पहिली पट्टी निघाली. आता रोज लाईट गेली की हेच करायचं का?

पेपरजॅम:
'सुडो ग्रेप एररपॉलिसी /ईटीसी/कप्स/प्रिंटर्स.कॉन्फ' द्या. काम फसलं की काय करायचं ते त्यात असतं. 'स्टॉप-प्रिंटर' (रांग थांबव) असेल तर:
सुडो एलपीॲडमिन -पी हळद -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब

कळफलक:
पट्टीला रीट्राय-जॉब देऊ नका. फसलेलं काम पहिल्या पानापासून पुन्हा जातं. लाईट तिसऱ्या पानावर गेली तर पहिल्या दोन पट्ट्या दुबार निघतील, एकाच नंबरच्या दोन पट्ट्या दोघांच्या हातात. हमाली-तोलाईचा हिशोब कुणाकडून मागणार? 'अबॉर्ट-जॉब' ठेवा, फसलेलं काम टाकून देतं आणि रांग चालू राहते. राहिलेली पट्टी हातानं पाठवा.

पेपरजॅम:
एक फाइल म्हणजे एकच पट्टी असेल तर दुबारची भीती फार नाही. अबॉर्टमध्ये पट्टी गुपचूप गायब होते, ते बरं का? @हळदपट्टी, एका फाइलमध्ये किती पट्ट्या असतात आणि कोणत्या कमांडनं पाठवता?

हळदपट्टी:
एक शेतकरी एक फाइल. लूप आहे: फॉर एफ इन *.पीडीएफ, डू एलपी -डी हळद $एफ, डन. कधीकधी 'नो सच फाइल' म्हणतं, तेवढं सोडून देतो.

कळफलक:
सोडून देऊ नका, त्या पट्ट्या छापल्याच जात नाहीत. नावात मोकळी जागा असली की शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम, एका नावाचे दोन तुकडे करतं. "$एफ" असं दुहेरी अवतरणात टाका. कागद वाचवायचा असेल तर 'पीडीएफयुनाइट *.पीडीएफ /टीएमपी/सगळ्या.पीडीएफ' करा आणि 'एलपी -डी हळद -ओ मीडिया=ए४ -ओ नंबर-अप=२ /टीएमपी/सगळ्या.पीडीएफ'. ए४ वर दोन पट्ट्या ए५ मापात येतात, मधोमध कापा. वेगवेगळ्या पाठवल्या तर प्रत्येक काम नव्या कागदावर सुरू होतं, अर्धा कोराच. जोडलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी * मध्ये तीही येईल, म्हणून टीएमपी.

पेपरजॅम:
आणि मग एका फाइलमध्ये साठ पट्ट्या झाल्या की, म्हणजे तुझंच अबॉर्ट आणखी महाग.

मोंढाइन्व्हर्टर:
मूळ दुखणं लाईटचं आहे. यूपीएसवर टाका ना प्रिंटर.

कळफलक:
लेझर यूपीएसवर टाकू नका! फ्यूझर (शाई कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना शेकडो वॅट एकदम ओढतो, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस तिथंच ओव्हरलोड होतो आणि कॉम्प्युटरही बंद पडतो. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर.

डॉसवाला:
डॉट मॅट्रिक्सला फ्यूझरच नसतो. सांगत होतो.

हळदपट्टी:
लूपमध्ये अवतरण टाकलं, नऊ पट्ट्या जास्तीच्या निघाल्या. म्हणजे आजवर राहून जात होत्या. अबॉर्ट-जॉब ठेवतो, सध्या जोडत नाही. आणखी एक, .टीएक्सटी मधली मराठी यादी पाठवली तर चौकोन येतात.

कळफलक:
कप्सचा मजकुराचा फिल्टर देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. लिब्रेऑफिसची कमांड 'एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ यादी.टीएक्सटी' करा, लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट टाकलेला पाहिजे. ती पीडीएफ पाठवा.

पेपरजॅम:
मॉडेल काय आहे हो पण?