मदत हवी आहे: पारात अडकलेला कडुनिंब एका बाजूने वाळतोय (इंदूर)

नमस्कार मंडळी,

अन्नपूर्णा भागातल्या आमच्या कॉलनीच्या गेटशी जुना कडुनिंब आहे, बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही. मध्यंतरी ठेकेदाराने पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवून बसवले. मग रहवासी संघाला हौस आली, झाडाला पार पाहिजे. गुडघाभर उंचीचा गोल ओटा बांधला, आत मुरूम-माती भरली, वर टाइल्स. संध्याकाळी बसायला जागा झकास झाली, त्यात वाद नाही.

यंदा चैत्रात पश्चिमेच्या बाजूला पालवीच फुटली नाही. पूर्वेकडे फुलोरासुद्धा आला, इकडे मात्र शेंड्यांपासून फांद्या वाळत खाली येताहेत. ओट्याची एक टाइल सुटली आहे, तिथून हात घालून पाहिलं. मातीत गाडलेली साल काळपट, ओलीगच्च, दाबली की भुगा होऊन बोटांना चिकटते. वास जुन्या भिजक्या गोणपाटासारखा. आतलं लाकूड मात्र टणक लागतं. शिवाय छातीच्या उंचीवर जुन्या ट्री-गार्डची तार सालीत रुतून बसली आहे.

संघात दोन तट आहेत. एक म्हणतो, फांदी गाडीवर पडायच्या आत झाड काढा. दुसऱ्याला पानांचा त्रास. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात पान जमिनीवर पडलं तरी लोकांना गुन्हा वाटतो! वर ‘एक काढू, दहा लावू’ आहेच. जुलै २०२४ मध्ये इथल्या रेवती रेंज टेकडीवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लावून विक्रम झाला, तेव्हापासून हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं. पण त्या टेकडीची सावली आमच्या गेटवर कशी पडायची?

तर विचारायचं आहे ते असं. ओटा फोडावा का, आणि मुळं न दुखावता कसा फोडावा? आत्ता उन्हात की पाऊस लागल्यावर? वाळक्या फांद्यांचं काय? परवानगी कशाकशाला लागते?

काळीमाती: आधी जीव किती उरलाय ते बघा. वाळक्या फांदीची साल नखाने खरवडा, शेंड्याकडून बुंध्याकडे येत. जिथे खाली हिरवं, ओलं लागेल तिथे चुन्याची खूण करा.

ओटा काढायलाच हवा. मुळांना मातीतली ओल चालते, खोडाच्या सालीला नाही. बुंधा रुंद होत होत मुळांत उतरतो ती जागा उघडी राहिली पाहिजे. शिवाय झाडाची खाणारी-पिणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत, लांबवर पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपली काळी माती पावसात फुगली की हवेच्या वाटा तशाच बुजतात, त्यावर तुम्ही पेव्हरचं झाकण ठेवलंत. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड म्हटलं की आपण त्यांची इंदूरची कंपोस्ट खताची पद्धत सांगतो. पण १९२४ मध्ये इथे यायच्या आधी बिहारात पुसाला असताना त्यांनी फळझाडांची मुळं हवेवाचून कशी गुदमरतात, याचा बारकाईने अभ्यास केला होता.

ब्रेकर मशीन अजिबात नको. टाइल्स आणि विटा पहारीने सोडवा, आतली माती खुरपीने आणि हाताने. खोडाला चिकटलेली माती आत्ताच काढा, साल सुकू दे. बाकी भराव पहिल्या सरींनंतर काढा, नाहीतर त्यात वर आलेली मुळं उन्हात करपतील. सुतळीएवढी मुळं तुटली तर चालतील, अंगठ्याहून जाड तोडू नका. मग निदान एक मीटरपर्यंतचे पेव्हर उचला आणि तिथे झाडाचाच पालापाचोळा तीन-चार बोटं जाड पसरा, बुंध्यापासून वीतभर दूर. रोज कचरागाडीत जातं ते खत आहे हो!

गेटवरचा: गाडीवाल्यांना एवढ्यात खलनायक करू नका, माझीही गाडी झाडाखालीच असते. बुंध्याशी फळीसारखी कडक बुरशी उगवली आहे का? लाकडी हातोडीने चारही बाजूंनी ठोकून बघा. बराच घेर पोकळ वाजला तर जाणकाराला दाखवेपर्यंत खाली कुणाला उभं राहू देऊ नका. फांद्या उतरवायला माहीतगार माणूस आणा. आधी खालून चीर, मग वरून काप, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथली फुगीर कड शाबूत ठेवायची. काप्यावर डांबर, रंग काही फासू नका.

अर्जदार: संघाचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे, एवढं बैठकीत मोठ्याने सांगा. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. जमीन स्वतःची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. फांद्यांसाठीही लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आणखी एक, राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आदेश दिल्लीसाठी होता, पण कागद दाखवला की आवाज जरा खाली येतात.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. खरवडून पाहिलं, मोठ्या फांद्यांमध्ये निम्म्यापर्यंत हिरवं आहे. बुरशी नाही. पश्चिमेला तळहाताएवढा भाग पोकळ वाजतो, बाकी घट्ट. खोडालगतची माती काढली, अर्जही दिला.

बैठकीत कायद्यापेक्षा बाकं कामाला आली. खरा विरोध ‘आमची बसायची जागा जाणार’ म्हणून होता. पेव्हरच्या कडेने दोन बाकं ठेवू म्हटल्यावर काकामंडळी एकदम वृक्षप्रेमी झाली. ओटा पहिल्या पावसानंतर फोडायचा ठरलाय.

एक राहिलं, त्या रुतलेल्या तारेचं काय करू? एकजण छिन्नी घेऊन तयारच बसलाय.

काळीमाती: छिन्नी आधी काढून घ्या त्याच्याकडून! बाहेर दिसणारी तार कटरने तोडा. जी सालीने गिळली आहे ती तशीच राहू द्या, उकरायला गेलात तर जिवंत साल चौफेर फाटेल. घेर तुटला की आवळणं थांबतं. आणि नवीन ट्री-गार्ड लावाल त्या रोपांच्या तारा वर्षातून एकदा सैल करायचं काम संघात कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.