माफी सरसकट नव्हती

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर त्या काळातल्या गुन्ह्यांसाठी 'सगळ्यांनाच सरसकट माफी दिली' हे तुमचं म्हणणं पटलं नाही. माफीच्या १९९५च्या कायद्यात गुन्ह्यामागे राजकीय हेतू हवा आणि अर्जदाराने सगळं खरं सांगावं, अशा अटी होत्या. (पश्चात्तापाची अट मात्र नव्हती, हे मला आजही खटकतं.) बहुतेक अर्ज फेटाळलेच गेले.

केपटाउनजवळच्या गुगुलेतू या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९९३ साली वर्णद्वेषविरोधी जमावाने एमी बील या गोऱ्या अमेरिकी विद्यार्थिनीला ठार मारलं. शिक्षा भोगणाऱ्या चौघांना १९९८ मध्ये माफी मिळाली. तिच्या आईवडिलांनी विरोध केला नाही. उलट पुढे त्यातल्या दोघांना लेकीच्या नावाने काढलेल्या संस्थेत काम दिलं. एवढं मन कुठून आणलं असेल त्यांनी? पण पोलीस कोठडीत मारले गेलेले कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने, माफीमुळे आमचा न्याय मागण्याचा हक्कच जातो असं म्हणत, या कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिलं होतं. त्यांचं म्हणणंही मला तितकंच रास्त वाटतं.