सोसायटी ग्रुप: बाबांसाठी युरॉलॉजिस्ट हवा आहे

ए-३०२: नमस्कार मंडळी. बाबांना लघवीचा त्रास आहे. रात्री चार-पाचदा उठतात, धार बारीक झालीय, जाऊन आल्यावरही मोकळं वाटत नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली आली. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून थेट ऑपरेशनची तारीख दिली. घरात सगळे घाबरलेत. चांगला युरॉलॉजिस्ट माहीत आहे का कुणाला?

बी-१०४: आमच्या मेहुण्यांचा किडनी स्टोन ज्यांनी काढला ते डॉक्टर छान आहेत. नाव पाठवतो.

डी-२०३: नेफ्रॉलॉजिस्टला दाखवलं तर? तेही किडनीचेच ना?

सी-१०१: नको दादा. क्रिएटिनिन वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, डायलिसिसची वेळ आली, तर नेफ्रॉलॉजिस्ट. खडा, प्रोस्टेट, मूत्राशय, लघवीची वाट अडणं, हे युरॉलॉजिस्टचं काम. ते सर्जन असतात.

सी-१०१: ए-३०२, मी नोकरीची बरीच वर्षं युरॉलॉजीच्या वॉर्डात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नुसत्या आकारावर ऑपरेशन ठरत नाही. काहींची प्रोस्टेट लहान असूनही वाट अडते, काहींची मोठी असून त्रास नसतो. बघायचं असतं ते हे की त्रास किती, धारेला जोर किती आणि जाऊन आल्यावर मूत्राशयात लघवी किती उरते. त्रास मोजायला आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे. ३५ पैकी ७ पर्यंत गुण म्हणजे सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. धारेसाठी युरोफ्लो, म्हणजे यंत्रात लघवी करायची. शिवाय गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतात. यातलं काय काय झालं?

ए-३०२: काहीच नाही. सोनोग्राफी आणि पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, बस. पीएसए वाढलेलं आलं, त्यावरून कॅन्सरही असू शकेल म्हणाले.

सी-१०१: तेव्हा लघवीत इन्फेक्शन होतं का?

ए-३०२: हो, तापही होता.

सी-१०१: मग तो आकडा आत्ता धरून चालू नका. इन्फेक्शनमुळे, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातल्यामुळेही पीएसए वाढतं. आधी इन्फेक्शन पूर्ण बरं होऊ दे, मग काही आठवड्यांनी पुन्हा करायचं. तेव्हाही वाढलेलं आलं तर मात्र दुर्लक्ष करायचं नाही. उलटही होतं: प्रोस्टेटसाठीची फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी सहा महिने घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर येतं आणि कमी आकड्याने माणूस निर्धास्त होतो. म्हणून आकडा वाचण्याआधी जो डॉक्टर विचारतो, 'ताप होता का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?', तो मला आवडतो. न तपासता तारीख देणारा कितीही नावाजलेला असू दे, माझ्या घरचं माणूस असतं तर मी दुसरं मत घेतलं असतं.

ए-५०१: ऑनलाइन रेटिंग बघून ठरवता येत नाही का?

सी-१०१: रेटिंगवरून रिसेप्शन कसं आहे, किती थांबावं लागतं ते कळतं. पदवी बघा: एमएसनंतर एमसीएच युरॉलॉजी, किंवा युरॉलॉजीतलं डीएनबी. मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे का तेही बघता येतं. आणि तोंडावर विचारा, 'हे ऑपरेशन तुम्ही महिन्यातून किती करता? स्वतः करणार का? रात्री ताप आला तर फोन कोण उचलेल?' चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. मेहुण्यांचे डॉक्टर खड्यांत तयार असतील, पण प्रोस्टेटची किती करतात ते वेगळं विचारावं लागेल. बी-१०४, मेहुण्यांना आत स्टेंट ठेवला होता का?

बी-१०४: हो, बहुतेक. पुन्हा बोलावलं होतं, पण आता दुखत नाही म्हणून ते गेलेच नाहीत.

सी-१०१: दादा, आजच फोन करा त्यांना. डिस्चार्ज कार्डावर 'डीजे स्टेंट' लिहिलंय का बघायला सांगा. ती नळी किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत असते, बाहेर काहीच दिसत नाही. वेळेत काढली नाही तर तिच्यावरच खडे चढतात, किडनी निकामी होऊ शकते. हे मी वॉर्डात पाहिलंय. कुणाला स्टेंट आहे याची नोंद ठेवून स्वतःहून फोन करणारं हॉस्पिटल असेल, तर ते मी डोळे झाकून सुचवेन.

बी-१०४: लगेच करतो.

ई-२०१: सिस्टर, बायकांनीही युरॉलॉजिस्टकडेच जायचं का? खोकला आला की थेंब जातात. कुणाला सांगायला संकोच वाटतो.

सी-१०१: जरूर जा ताई. काही स्त्रीरोगतज्ज्ञही हे बघतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून केले की बऱ्याच जणींना फरक पडतो. वय झालं म्हणून सोसत बसायचं काही कारण नाही. आणि सगळ्यांसाठी: लघवीतून रक्त गेलं, दुखत नसलं, एकदाच जाऊन थांबलं, तरी दाखवायचंच.

ए-३०२: दुसऱ्या डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळाली. सोबत काय नेऊ?

सी-१०१: तीन दिवसांची नोंद: किती वाजता गेले, किती मिलि झाली, पाणी-चहा किती घेतला. सगळ्या गोळ्या, सर्दीच्याही, कारण सर्दीच्या काही औषधांनी लघवी तुंबते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आपणहून बंद करू नका. निघताना लघवीला जायचं नाही, युरोफ्लोला मूत्राशय भरलेलं लागतं. शनिवारच्या आत लघवी पूर्ण अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत.

ए-३०२: बाबा विचारतायत, ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहत नाही म्हणे?

सी-१०१: काहींना सुरुवातीचे काही दिवस-आठवडे घाई होते, थेंब जातात. कायमचा ताबा जाणं क्वचित. त्यापेक्षा पुष्कळदा होतं ते असं की वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. त्याने अपाय नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर पुरुष फार घाबरतात. हे बाबांनी स्वतःच डॉक्टरांना विचारावं. थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा.