प्लग अर्धा फिरून जाम झालाय, जोर लावू का?

सिडकोकर:
मंडळी, मदत करा. जुनी पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियम हेड. मिसिंग करत होती (इंजिन मध्येच अडखळत होतं) म्हणून स्पार्क प्लग काढायला घेतले, तीन आरामात निघाले पण चौथा अर्धा फेरा फिरला आणि मग असा जड झाला की करकर आवाज यायला लागला, तिथेच थांबलोय. नाशिकमधल्या द्वारकाच्या एका मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो इंजिन तापवा, पान्याला लांब पाइप घाला आणि झटक्यात काढा. मला काही पटेना, हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) आटे गेले तर? शनिवारी कसारा घाट उतरून ठाण्याला जायचंय.

अंबडचा फिटर:
पाइप अजिबात घालू नका! प्लग स्टीलचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, जोर लावला की हेडच हरणार. आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सरळ सिलिंडरमध्ये जाते. मग गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. सकाळी थंड इंजिनवर आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने, मग पाव फेरा उलटा, जड लागला की परत मागे, परत स्प्रे. वेळ लागतो पण असाच काढायचा. करकर बहुतेक खालच्या आट्यांवर बसलेल्या कार्बनची असणार.

गंगापूररोडकर:
फिटर भाऊंशी सहमत, फक्त एक, थंडवर हललाच नाही तर इंजिन कोमट करून बघायला हरकत नाही, अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं त्यामुळे पकड जराशी सुटते. पण हेडला हात लावता आला पाहिजे इतपतच. तापलेल्या हेडमधून ओढला तर आटे प्लगसोबत बाहेर येतात.

सातपूर लेथवाला:
निघाला की प्लगचे आटे उजेडात नीट बघा. काळं असेल तर कार्बन, चिंता नाही. चकचकीत तारेसारखं काही गुंडाळलेलं दिसलं तर ते हेडचे आटे आहेत, मग स्टीलचा बुश (नवे आटे असलेली छोटी नळी) टाकावा लागेल. नुसते मळलेले असतील तर थ्रेड चेझर (असलेले आटे साफ करायचं हत्यार) फिरवा, साधा टॅप (नवे आटे पाडायचं हत्यार) नको, तो जरा तिरका गेला की चांगलं मटेरियल कापतो. बहुतेक प्लग १४ एमएम, १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, एमएममध्ये), पण बऱ्याच नव्या गाड्यांत १२ पण येतात, तेव्हा जुना प्लग मोजूनच घ्या. चेझरच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कचरा त्यालाच चिकटतो.

सिडकोकर:
निघाला!! स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी मागेपुढे करत करत आला. सगळा काळा कार्बन, चकचकीत काहीच नाही. आता नवीन बसवताना काय बघू? आणि ते आट्यांना लावायचं ग्रीस?

सातपूर लेथवाला:
वा, मस्त! आधी चेझर फिरवून घ्या. मग प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळी घाला आणि नळीनेच फिरवत बसवा, तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. पाना शेवटी. १४ एमएमला वॉशरवाला प्लग असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ एमएमला १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर १४ ला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बास. ग्रीस लावू नका, आजकालच्या प्लगना प्लेटिंग असतं आणि वंगणामुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. सैलही ठेवू नका, प्लगची उष्णता आट्यांतून आणि सीटमधूनच हेडमध्ये जाते, सैल राहिला तर टोक जळतं.

अंबडचा फिटर:
आणि शनिवारी निघायच्या आधी पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारून या.