मदत हवी आहे : दाखल्यांच्या जुन्या पोर्टलची नवी मांडणी

मंडळी, उत्पन्न, रहिवासी वगैरे दाखल्यांच्या एका सरकारी पोर्टलची नवी मांडणी करायचं काम आमच्याकडे आलंय. (कोणतं ते विचारू नका!)

परवा तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात दिवसभर बसलो. एक मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आल्या होत्या. रेशनकार्डाचा फोटो जोडला, तर ‘फाइल साइज एक्सीड्स लिमिट’. पान मराठीत, सूचना इंग्रजीत! फोटो लहान करेपर्यंत सेशन संपलं, फॉर्म कोरा. मावशी केंद्रातल्या मुलाला म्हणाल्या, "जाऊ दे रे पोरा, पन्नास जास्त घे आणि तूच भर."

फोटो आपोआप लहान होणं, अर्धा फॉर्म जपणं, अक्षर-पार्श्वभूमीत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक), हे जमेल. अडलंय ते कॅप्चापाशी, म्हणजे फॉर्म माणूसच भरतोय ना हे तपासणाऱ्या कोड्यापाशी. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं स्क्रीन रीडरला (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाहीत. काढावा तर बॉटची (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमची) भीती. त्याऐवजी ओटीपी ठेवला, तर घरात एकच मोबाइल आणि तोही मुलाबरोबर पुण्याला, अशांचं काय?

दुसरं भाषेचं. ‘अर्जदाराचे लाभार्थ्याशी नाते’ हे शब्द बदलायचे नाहीत, असं वरून सांगितलंय. मग सोपं मराठी वर मोठं देऊन सरकारी शब्द खाली बारीक घ्यावेत का? की त्यानं गोंधळ वाढेल? कुणी असं करून पाहिलंय?

जुन्या नोंदी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. खात्रीचा कन्व्हर्टर असेल तर सुचवा.

आणि एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर मराठी फॉर्म भरणारं कुणी तासभर देईल का? मानधन नक्की देऊ.