उत्तर: नदी बंद असताना काय करायचं

एकाने विचारलंय की १५ मार्च ते १५ जून मासेमारीला नदी बंद, मग लंडनमधल्या माणसाने घरी फ्लाय (गळाला लावायचे नकली किडे) बांधत बसण्याशिवाय करायचं काय. अर्धंच बरोबर आहे हे, ती बंदी रोच, बार्बल वगैरे माशांची, ज्यांना इथे ‘कोर्स’ मासे म्हणतात, ट्राउटचा सीझन वेगळा आणि तो जूनच्या बराच आधी सुरू होतो. पण मला विचाराल तर या दिवसांत रॉडपेक्षा जाळी घेऊन पाण्यात उतरावं. रिव्हरफ्लाय मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे नदीतले किडे मोजून पाण्याची तब्येत तपासण्याच्या कामात, ३ मिनिटं पायाने तळ ढवळायचा, जाळीत वाहून आलेले किडे ट्रेमध्ये ओतून ८ गटांत मोजायचे, आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की एन्व्हायर्नमेंट एजन्सीला (सरकारी पर्यावरण खात्याला) कळवायचं. कुठली फ्लाय बांधायची तेही ट्रेमध्येच दिसतं, हा बोनस!

दुसरं काम नदीकाठचं बाल्सम उपटायचं, ते मात्र कुणी सुचवत नाही. हिमालयन बाल्सम म्हणजे आपल्या तेरड्याचा भाऊबंद, १८३९ मध्ये बागेसाठी इंग्लंडात आणला आणि आता नदीकाठी माणसाहून उंच माजतो, हिवाळ्यात मरतो, काठ उघडा पडतो आणि माती धुपून ट्राउट जिथे अंडी घालतात त्या खडीवर जाऊन बसते. मुळं वरवरची असतात, हाताने सहज निघतो, पण मे-जूनमध्ये फुलं यायच्या आतच उपटा, पिकलेल्या शेंगेला हात लावला की काय होतं ते तेरड्याशी खेळलेल्यांना सांगायला नको. मधेमधे नेटल (खाजरी झुडपं) असतात, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्या. आणि वेडर्स (पाण्यात उतरायची बूट-पँट) धुऊन नीट वाळवल्याशिवाय दुसऱ्या नदीत उतरू नका प्लीज, एका नदीतलं काही दुसरीत जायला नको.