मदत हवी आहे: इंजिनिअरिंगच्या कॅपसाठी (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) कॉलेजांची यादी कमी कशी करायची?

नमस्कार मंडळी, आम्ही बार्शीचे. मुलीला एमएचटी-सीईटीला पीसीएममध्ये ९३.४ पर्सेंटाइल आलेत. ओबीसी आहोत, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेयर दोन्ही हातात आहेत, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. आता ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि आमची यादी सत्तरच्या पुढे गेलीय. फॉर्ममध्ये ३०० पर्याय टाकता येतात हे माहितीये, पण टाकता येतात म्हणून काहीही टाकायचं आणि तिथेच नंबर लागला की घरात सगळ्यांनी तोंड पाडून बसायचं, असं मला नकोय. जिथे लागलं तर ती मनापासून जाईल तेवढीच नावं ठेवायचीत, साधारण पंचवीस.

क्लासचे सर, दीर, शेजारच्या ताई, ज्याने त्याने नावं सांगितली आणि आम्ही लिहीत गेलो. पुण्यात कमिन्स (फक्त मुलींचं), व्हीआयटी, पीसीसीओई, मॉडर्न, एआयएसएसएमएस आणि अजून बरीच. शासकीयमध्ये कराड, अवसरी, संभाजीनगर. शिवाय सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, इस्लामपूरचं आरआयटी, कोल्हापूरचं केआयटी, आणि घराजवळ म्हणून सोलापूरचं डब्ल्यूआयटी, पंढरपूरचं स्वेरी. त्यात प्रत्येक कॉलेजच्या तीन-चार ब्रँच म्हटल्यावर यादी फुगणारच.

खरा घोळ ब्रँचचा आहे. तिला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) आवडतं, आत्ता सुचलेलं नाही हे, नववी-दहावीपासून आर्डुइनो आणि सेन्सर घेऊन बसते, बंद पडलेला इन्व्हर्टर उघडून बघते. पण भेटेल तो म्हणतो कंप्युटर नाहीतर आयटी, निदान एआय-डेटा सायन्स तरी घ्या, कॉलेज कुठलं का असेना. तिचे बाबाही आता तसंच म्हणायला लागलेत आणि ती गप्प झालीय, आणि मला तिचं ते गप्प बसणंच बघवत नाही.

दुसरं म्हणजे ऑटो फ्रीझ. २०२५ पासून चार राऊंड झालेत, पहिल्यात पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्यात पहिल्या तिनातला आणि तिसऱ्यात पहिल्या सहातला. म्हणजे वरची सहा नावं फार विचार करून लिहायला हवीत ना? की कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावून टाकायचं, सर म्हणतात तसं?

आणि कटऑफच्या पीडीएफमधली ती अक्षरं, एच, ओ, एस, एल, आमच्यासाठी नेमकं कुठलं बघायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
ताई, आधी अक्षरांचं सांगतो कारण त्यावरच अर्धी यादी कमी होईल. बारावी बार्शीतून असेल तर तुमचं होम युनिव्हर्सिटी, म्हणजे आपल्या भागाचं विद्यापीठ, सोलापूर. त्यामुळे पुण्याच्या कॉलेजचा शेवटी एच (होम) असलेला कटऑफ तिला लागू नाही, ओ (बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी) बघायचा, आणि राज्यस्तरीय जागा असतील तिथे एस. सुरुवातीचं एल म्हणजे मुलींच्या जागा. तिने एलओबीसीओ (मुली, ओबीसी, बाहेरचं विद्यापीठ) बघावा, सोबत जीओबीसीओ (ओबीसीच्या सर्वसाधारण जागा) आणि ओपनचाही, कारण त्या जागांवरही तिचा विचार होतो. सोलापूर-पंढरपूरला मात्र एच. आणि फक्त पहिल्या राऊंडचा बघू नका, गेल्या दोन वर्षांचे सगळे राऊंड एकत्र काढून बसा. एक लक्षात ठेवा, २०२४ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) जागांवरची कमाल मर्यादा काढलीय, त्यामुळे बऱ्याच कॉलेजांनी कंप्युटरच्या जागा वाढवल्यात, जुना कटऑफ तंतोतंत जुळेलच असं नाही.

क्रम कटऑफप्रमाणे अजिबात लावू नका. वाटप मेरिटने होतं, वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. क्रम फक्त तिच्या आवडीचा. बेटरमेंटला, म्हणजे मिळालेली सीट ठेवून पुढच्या राऊंडला, गेलात आणि वरचं काही मिळालं तर आधीची सीट आपोआप जाते, म्हणून जे आधीच्यापेक्षा खरंच जास्त हवंय तेच त्याच्या वर असू द्या.

प्रतिसाद २
मी स्वतः ईएनटीसी, थर्ड इयर, पुण्यात. काकू, तिला प्लीज ईएनटीसी घेऊ द्या. आमच्या वर्गातले निम्मेअधिक सॉफ्टवेअरकडेच वळतायत, कोडिंग आम्हालाही असतं आणि बऱ्याच कंपन्या कॅम्पसला दोन्ही ब्रँचना बसू देतात. पण उलटं होत नाही, सर्किटमध्ये जीव असलेली मुलगी डेटा सायन्सला गेली तर एम्बेडेड, व्हीएलएसआय (चिप डिझाइन) हे सगळं तिला स्वतःच बाहेरून शिकावं लागतं. कॉलेज गाळताना हायेस्ट पॅकेजचे बॅनर बघू नका. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची कॉलेज क्रमवारी) भाग घेणारी कॉलेजं त्यांना दिलेली माहिती वेबसाइटवर टाकतात, त्यात मीडियन पगार आणि किती जणांना नोकरी लागली ते असतं. एनबीए मानांकन (शिक्षणाचा दर्जा तपासून मिळतं ते) कॉलेजला नसतं, ब्रँचला असतं, तेव्हा ईएनटीसीला आहे का तेच बघा. आणि शक्य असेल तिथे जाऊन लॅब बघा, मुलांशी कँटीनमध्ये बोला, ती खरं सांगतात.

प्रतिसाद ३
फीचं कुणी बोललं नाही म्हणून. २०२४-२५ पासून ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. त्यामुळे शासकीय स्वस्त आणि खाजगी महाग हा हिशोब तुमच्यासाठी बराचसा बदलतो. तुमचा खरा खर्च होस्टेल आणि मेस, म्हणून मुलींचं होस्टेल कॅम्पसमध्ये आहे का, पहिल्या वर्षाला मिळतंच का, हे फोन करून विचारा. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, वसतिगृह नाही मिळालं तर तिथे अर्ज करा. आणि सांगलीचं वालचंद आणि सोलापूरचं डब्ल्यूआयटी, दोन्ही नावांत वालचंद आहे, चॉइस कोड टाकताना नीट बघा. सांगली तुम्हाला सोयीचंही आहे, बार्शीहून कुर्डुवाडी-पंढरपूर करत मिरजेला रेल्वे आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं तिला आणि तिच्या बाबांना एकत्र बसवून वाचून दाखवलं. एलओबीसीओ लावून बघितल्यावर पुण्यातली बरीच नावं गेली, जिथे होस्टेलची खात्री नाही तीही काढली. एआय-डेटा सायन्स पूर्ण काढलं. बाबांनी एवढंच म्हटलं की खाली आठ-दहा ठिकाणी कंप्युटर राहू दे, ते तिलाही चाललं. वरचे सहाही पर्याय ईएनटीसी किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे आहेत आणि ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलेत.

आता अडलंय पहिल्या दोनावर. कमिन्स की सांगलीचं वालचंद? दोन्हीकडे लागेलच असं नाही, तरी क्रम तर ठरवावा लागेल. तिला कमिन्स हवंय कारण पुण्यात कंपन्या जवळ आहेत आणि सगळ्या मुलीच असल्या तर प्रोजेक्टमध्ये सोल्डरिंगपासून सगळं आपणच करणार असं तिला वाटतं. मला सांगली बरं वाटतं, खर्च कमी आणि गाव शांत. या दोन्हीपैकी कुठे ईएनटीसी किंवा इलेक्ट्रॉनिक्स केलेल्या मुली इथे असतील तर लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते आणि इंटर्नशिप कॉलेजमधून मिळते की स्वतःच शोधावी लागते, एवढं नक्की सांगा. फॉर्म परवा लॉक करायचाय.